आधी कागद, मग हातोडा

रिक्षा चालवायची तर लायसन्स लागतं, बॅज लागतो, परमिट लागतं. वडापावची गाडी लावायची तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. पण तुमच्या-माझ्या घरात घण घेऊन शिरायचं, भिंती पाडायच्या, पाण्याच्या लाइन कापायच्या, बाथरूमची लादी स्लॅबपर्यंत उखडायची, आणि या सगळ्या कामाचा ठेका चार लाखांना अंगावर घ्यायचा, तर त्या ठेकेदाराला महाराष्ट्रात कुठलाही परवाना लागत नाही. मोबाइलमध्ये दहा फोटो आणि खिशात व्हिजिटिंग कार्ड असलं की झाला तो 'रिनोव्हेशन काँट्रॅक्टर'.

सरकार स्वतःच्या बाबतीत असं वागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचं काम घ्यायचं तर ठेकेदाराला वर्गवारीनुसार नोंदणी करावी लागते, अनुभवाचे दाखले द्यावे लागतात, अनामत रक्कम ठेवावी लागते. काम संपल्यावरही दोष दायित्व कालावधी असतो आणि तो सरेपर्यंत त्याची मान सुटत नाही. सरकारी विश्रामगृहाच्या मोरीला जे संरक्षण आहे ते आयुष्यभराची फंडाची रक्कम घालून घर नीट करायला निघालेल्या निवृत्त शिक्षिकेला नाही. मला याचा राग येतो, आणि तो का येतो ते सांगते.

ती निवृत्त शिक्षिका माझी मोठी बहीण आहे. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते. बिल्डिंग १९९४ ची. दोन बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि सगळं वायरिंग बदलायचं होतं. ओळखीतल्या कुणीतरी ठेकेदाराचं नाव सुचवलं. तो आला, टेप न काढता घरभर फिरला, व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहून दिलं: ३,८०,०००. खाली दोन शब्द, 'विथ मटेरियल'. तीन लाख ऐंशी हजारांच्या कामाचा करारनामा एवढाच. ताईने विचारलं, "टाइल्स कुठल्या? प्लाय कुठला?" तो म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका, घरचं समजून करतो."

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. घरचं माणूस लादीची कंपनी विचारली तर सांगतं.

उचल म्हणून दीड लाख घेतले, रोख. "बिल घेतलं तर अठरा टक्के वर जातील, उगाच कशाला?" हेही घरचं समजूनच. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून आणलेली चार पोरं आली आणि तीन दिवसांत दोन्ही बाथरूम उघडी झाली. ओटा गेला. मग टाइल्ससाठी म्हणून आणखी साठ हजार. मग काम रेंगाळायला लागलं. मग फोन उचलणं बंद. बावीस दिवस ताई शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. वय वर्षं ६७.

बावीस दिवसांनी तो उगवला, घाईघाईने टाइल्स चिकटवून मोकळा झाला आणि पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल धरली. आता आजी ताईला बोलतात, ताई ठेकेदाराला फोन करते आणि ठेकेदार म्हणतो, "तुमच्या बिल्डिंगचाच जुना प्रॉब्लेम आहे."

तेव्हा मी त्याने दिलेला एकुलता एक छापील कागद मागून घेतला. लेटरहेड होतं. वर ठसठशीत जीएसटी क्रमांक. मी नखाने एकेक अक्षर मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदाच.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन. म्हणजे तो क्रमांक खोटा तर होताच, वर खोटा छापतानाही त्या माणसाने नीट मोजला नव्हता. ज्याला स्वतःच्या लेटरहेडवर पंधरा अक्षरं भरता येत नाहीत, त्याच्या हाती आम्ही बाथरूमचा उतार दिला होता. काम द्यायच्या आधी कुणीही ती मोजली नाहीत. मीही नाही.

मोजायला लागतं अर्धं मिनिट. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की फर्मचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे फुकट दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. 'वीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर तिथेच विचारायचं, आधीची वर्षं कुठे, कुणाच्या नावाने काम करत होतात? हे मात्र लक्षात ठेवा, वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान ठेकेदाराला नोंदणी सक्तीची नाही. जीएसटी नसणं हा गुन्हा नाही, खोटा जीएसटी छापणं हा आहे. माझ्या माहितीत असे गवंडी आहेत की ज्यांच्याकडे नोंदणी नाही, लेटरहेड नाही, पण त्यांनी केलेल्या न्हाणीघरातून वीस वर्षं थेंब खाली गेलेला नाही. अशांकडून पॅन आणि आधार घ्या, पत्ता स्वतः जाऊन बघा, पैसे बँकेतून द्या. खरा माणूस कागद मागितल्यावर रागावत नाही.

आणि ते अठरा टक्के. पावती न घेता वाचवलेले अठरा टक्के म्हणजे उद्या तक्रार करायची वेळ आली तर 'मी पैसे दिले' हे सिद्ध करायचा पुरावा आपणच आपल्या हाताने विकून टाकणं. ताईचे दोन लाख दहा हजार गेले आणि त्यातले रोख दीड लाख कागदावर कधी दिलेच गेले नव्हते.

पैशांचं मी एक वेळ सोडून देईन. पण या कामात एक दुपार अशी आली की आजही आठवली की पोटात गोळा येतो.

एसीच्या पॉइंटसाठी पॅसेजमध्ये झिरी मारायचं काम चाललं होतं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, तोंडाला रुमाल, हातात कटर. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त ओव्हरसियर काका राहतात. ते वाचनालयाची पावती द्यायला म्हणून आले होते. दारातच थबकले. चपला न काढता आत गेले आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "बंद कर ते. ही भिंत नाही. हा खांब आहे."

कटर थांबला. धूळ खाली बसली. झिरी पाहिली तर आत, साधारण दीड इंचावर, खांबाच्या रिंगेचं लोखंड दिसत होतं. जिथे ब्लेड लागलं होतं तिथे ते नव्या नाण्यासारखं चकाकत होतं. पोरगा घाबरून म्हणाला, "मला शेठ बोलले, लाइन सरळ घे."

त्या पोराचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. काकांनी त्याला जवळ बोलावून दाखवलं, हा तुळईखालचा भाग, हा खांब, इथून विटांची भिंत सुरू होते. खांबात सळीबाहेर साधारण चाळीस मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवतात, ते सळीला हवा-पाणी लागू नये म्हणून. ते आवरण कापलं की सळी गंजते, गंजलेली सळी फुगते, फुगली की उरलेलं काँक्रीट फोडते. हे ठेकेदाराला माहीत असायला हवं होतं. असतं तर त्याने लाइन आठ इंच डावीकडून घेतली असती. आठ इंच वायर जास्त गेली असती, एवढंच.

"पण एका झिरीने काय बिल्डिंग पडते का?" असं विचारणारे भेटतात. एका झिरीने नाही पडत. पण कुठल्या झिरीपाशी थांबायचं हे ज्याला कळत नाही, तो खांबापाशीही थांबत नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धीसाई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर जिथे आधी नर्सिंग होम होतं, त्या जागेत नूतनीकरण चाललं होतं आणि तिथे खांबांशी झालेली छेडछाड चौकशीत पुढे आली. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली तेव्हा ६१ जण गेले, आणि तिथेही तळमजल्यावरच्या जागेत केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. वरच्या मजल्यांवर झोपलेल्या, डबे भरणाऱ्या माणसांनी हातोड्याला हात लावला नव्हता. खाली कोण काय फोडतंय ते त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून 'माझं घर, माझे पैसे, मी कुणालाही लावीन' हे म्हणणं मला मान्य नाही. घर तुमचं असेल, खांब सगळ्यांचा आहे.

आता परवान्यांचं बघू. ठेकेदाराला परवाना नसला तरी त्याच्या हाताखालच्या काही कामांना कायद्याने आहे आणि इथेच आपल्याला पकड मिळते. वायरिंग घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरातलं वायरिंग राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं असतं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून सुटलंय. पूर्ण घराची वायर ओढणं सुटलेलं नाही. घराघरांत ते काम मात्र 'माझाच पोरगा आहे, सगळं येतं त्याला' या परवान्यावर चालतं. तुम्ही एकच करा. विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची झेरॉक्स मागा आणि त्यावरची मुदत बघा. संपलेली असेल तर नवा दाखवा म्हणा. नसेल तर वायरिंगचं काम त्याच्याकडून काढून परवानाधारकाला द्या. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणि वायर भिंतीत गाडायच्या आधी हातात घ्या. वायरीवर आयएस ६९४ आणि जाडी छापलेली असते. अंदाजपत्रकात एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर लिहिली असेल तर भिंतीतही चारचीच जायला हवी. अडीचची घालून चारचे पैसे घेणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे, आणि तो प्लास्टरखाली लपतो म्हणून चालतो. प्लायवुडचंही तसंच. पाण्याजवळच्या कामाला आयएस ७१० चा प्लाय सांगतात, येतो दुसराच, आणि वर सनमायका चिकटला की ब्रह्मदेवालाही कळत नाही. सामान दारात आल्यावर शिक्का बघा, फोटो काढा, चलन ठेवून घ्या. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी असेल तर परत पाठवा.

डिझायनर म्हणून येणाऱ्यांबद्दलही एक सांगायचंय. 'आर्किटेक्ट' हा शब्द १९७२ च्या कायद्याने राखीव आहे. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच तो नावापुढे लावता येतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो. तो मागा, काउन्सिलच्या यादीत बघा. 'इंटिरिअर डिझायनर' या शब्दाला मात्र असं कुठलंही कायद्याचं कुंपण नाही. उत्तम डिझायनर आहेत, शिकलेले आहेत, पण पाटी कुणालाही लावता येते. भिंत पाडायचा निर्णय त्या पाटीच्या भरवशावर घ्यायचा नाही. त्याला महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची फी वाचवणारी माणसं मी पाहिली आहेत. चार लाखांच्या कामात काही हजारांची फी 'जास्त' वाटते आणि इटालियन मार्बल जास्त वाटत नाही.

'महारेरा आहे ना,' असं म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. ते तुमच्या बाथरूमसाठी नाही. रेरा कायदा बिल्डरला बांधतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही स्वतःच्या घरात जी दुरुस्ती करून घेता त्यातला ठेकेदार या कायद्याच्या बाहेर राहतो. म्हणजे घर बांधणाऱ्यावर पाच वर्षांची जबाबदारी आहे आणि तेच घर आतून फोडणाऱ्यावर पाच दिवसांचीही नाही.

ताईचा मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. योगायोगाने त्याच सुमारास त्यानेही बाथरूम करून घेतलं. तिकडे १९२९ पासून ठेकेदारांचं परवाना मंडळ आहे. हजार डॉलरच्या आतलं किरकोळ काम सोडलं तर परवाना हवाच. परवाना मिळवायला चार वर्षांचा कामाचा अनुभव आणि परीक्षा. शिवाय २५ हजार डॉलरचा बाँड. भाच्याने परवाना क्रमांक मंडळाच्या वेबसाइटवर टाकला, बाँड चालू आहे का, कामगारांचा विमा आहे का, कारवाई झाली आहे का, सगळं पाच मिनिटांत पाहिलं. पण मला सगळ्यात जास्त आवडला तो उचलीचा नियम. घरदुरुस्तीच्या कामाला आगाऊ रक्कम कामाच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. त्याहून जास्त मागितली की ठेकेदारानेच कायदा मोडला. आणि विनापरवाना काम केलं तर ठेकेदाराला मजुरीसाठी कोर्टात जाता येत नाही, उलट मालकाला दिलेले पैसे परत मागता येतात. तिकडेही फसवणारे आहेतच, मंडळाला सापळे लावून पकडावे लागतात. पण फसवलेल्या माणसाला जाऊन दार वाजवायला एक दार आहे. भाचा हे फोनवर सांगत होता आणि ताई इकडे शेजाऱ्यांच्या बाथरूमसमोर बादली घेऊन उभी होती.

आपल्याकडेही असं मंडळ हवं का? हवं. मात्र आणखी एक खिडकी, आणखी एक दलाल आणि टेबलाखालून मिळणारा आणखी एक दाखला मला नकोय. महापालिकेने साधी नोंदवही उघडावी. ठेकेदाराचं नाव, पत्ता, पॅन, त्याच्याकडचा तांत्रिक माणूस कोण, विद्युत ठेकेदार कोण, मजुरांचा विमा आहे का, आणि आलेल्या तक्रारी. ऑनलाइन, सगळ्यांना दिसेल अशी. सोसायटीने ना-हरकत देताना त्या नोंदवहीतला क्रमांक मागावा. एवढं झालं तरी व्हिजिटिंग कार्डावरचे निम्मे लोक गळतील.

तोवर सोसायट्यांनी वाट बघायची गरज नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करायला समितीची परवानगी लागतेच. पण ती परवानगी म्हणजे काय होऊन बसलीय? डिपॉझिटचा चेक, लिफ्टमध्ये गोणी न्यायच्या नाहीत, दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही. चेअरमन लिफ्टच्या लाद्यांची काळजी करतात आणि खांबांची करत नाहीत. ताईच्या सोसायटीचा फॉर्म मी वाचला. त्यात राडारोडा कुठे टाकायचा यावर चार ओळी होत्या. भिंत कुठली पाडणार, नकाशा कुठे, ठेकेदार कोण, वायरिंगवाल्याचा परवाना आहे का, यावर एकही नव्हती. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. त्या ऑडिटची प्रत दुरुस्ती करणाऱ्या सभासदाच्या हातात द्यायला काय जातं? कुठला खांब आधीच आजारी आहे हे ज्याच्या घरात कटर चालणार त्याला कळायला नको?

समितीतले सदस्य बिनपगारी काम करतात, हे मला माहीत आहे. तरीही हे त्यांचंच काम आहे.

फसलात तर पोलिसांत जाऊन 'दिवाणी बाब आहे' हे वाक्य ऐकून परत येऊ नका. पैसे देऊन घेतलेली ही सेवा आहे आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथून सुरुवात करा. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. 'करतो करतो' म्हणत ठेकेदार तुम्हाला या दोन वर्षांच्या पार नेऊ बघतो. आणि आयोगापुढे बोलतो तो कागद. बँकेची नोंद, सह्या असलेलं अंदाजपत्रक, व्हॉट्सॲपवरचे फोटो तारखेसकट.

ताईकडे यातलं काय होतं? व्हिजिटिंग कार्डाची पाठ. तरी तिने तक्रार केली आहे. साठ हजार तिने ऑनलाइन पाठवले होते, तेवढ्याची नोंद आहे. दीड लाखांचं काय होईल ते होईल.

दुसरा ठेकेदार आम्ही शोधला तेव्हा त्याचे फोटो बघितले नाहीत. फोटोत पाणी झिरपत नाही. त्याला म्हटलं, तीन वर्षांपूर्वी केलेल्या बाथरूमचा पत्ता द्या. त्याने ठाकुर्लीचा एक दिला. आम्ही ते बाथरूम बघायला गेलोच नाही, त्याच्या खालच्या फ्लॅटची बेल वाजवली. घरातल्या बाईंनी आम्हाला त्यांच्या बाथरूममध्ये नेऊन छत दाखवलं. चुन्यासारखं पांढरं, कोरडं. एवढी खात्री मला कुठल्याही लेटरहेडने दिली नसती.

त्याने दोन तास मापं घेतली. साडेतीन पानांचं अंदाजपत्रक दिलं. फोडाफोडी इतके चौरस फूट, वॉटरप्रूफिंग इतके, टाइल्स अमुक कंपनीच्या तमुक दराच्या, वायर कुठली, नळ कुठले, राडारोडा उचलणं कुणाकडे, जास्तीचं काम निघालं तर दर काय. रक्कम ४,६०,०००. पहिल्यापेक्षा ऐंशी हजार जास्त. ताई दचकली. मी तिला म्हटलं, पहिल्याने स्वस्त सांगितलं नव्हतं, कमी लिहिलं होतं. जे लिहिलेलंच नसतं ते नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून येतं.

पाचशेच्या स्टँप पेपरवर करार झाला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा चालत नाही, हे त्यानेच सांगितलं. सुरुवातीला दहा टक्के. पुढचे हप्ते तारखेवर नाहीत, कामावर. प्लंबिंगच्या लाइनला प्रेशर टेस्ट झाली की इतके, वॉटरप्रूफिंगची पाण्याची चाचणी पास झाली की इतके, वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट हातात आला की इतके. खांबावरची झिरी आधी इंजिनिअरने येऊन पाहिली, त्याने सांगितलेल्या मालाने ती भरली, मगच बाकीचं काम सुरू. तोही खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहिलेला होता.

पाण्याच्या चाचणीचा दिवस मला पाठ आहे. ब्रिकबॅट कोबा झाल्यावर, टाइल्स बसवायच्या आधी, त्याने जाळीचं तोंड बंद केलं आणि बाथरूम भरलं. पाण्याच्या कडेला भिंतीवर खडूने रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. ताईने आयुष्यभर फळ्यावर तारीख लिहिली, तिने त्याच्या हातातून खडू घेऊन 'ख' नीट काढला. ४८ तास पाणी तसंच. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती खाली आजींकडे जाऊन मान वर करून छत बघत होती. पहिल्या ठेकेदाराने आजींना ताईपासून तोडलं होतं. आता दोघी एका स्टुलाशेजारी उभ्या राहून छताला हात लावून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी रेघ आणि पाणी यांच्यात बोटाच्या पेराएवढंही अंतर नव्हतं. आजींचं छत कोरडं. ताईने हप्ता दिला, चेकने, आणि पावतीवर सही घेतली.

शेवटचे पाच टक्के, म्हणजे तेवीस हजार, एक पावसाळा गेल्यावर द्यायचे असं करारात आहे. ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या अंगाला प्लास्टर झालंय, त्यासाठी. ठेकेदाराने ते कलम वाचून फक्त एवढंच विचारलं, "ताई, पावसाळा म्हणजे सप्टेंबर धरायचा की ऑक्टोबर?" ऑक्टोबर लिहिलं. चेक भरून ताईने देवघराच्या खणात ठेवला आहे, तारीख मोकळी ठेवून. अजून जून यायचाय.